नागपुरात धानाचं कॅलस करायचंय? आधी कूलर बंद करा

एमएस्सीला नवीन आलेली पोरं लॅबमध्ये शिरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, टू-फोर-डी (कॅलस वाढवणारं हार्मोन) किती टाकायचं. अरे बाबांनो, ते तर कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडतं. कॅलस, म्हणजे दाण्यातून वाढवलेला पेशींचा गोळा ज्यातून पुढे रोप काढायचं, ते बिघडतं जुन्या बियाण्यामुळे, खोलीतल्या हवेमुळे आणि सबकल्चरला, म्हणजे नव्या खुराकावर हलवताना, चुकीचा तुकडा उचलल्यामुळे, म्हणून या तीन गोष्टींवर मी जरा जास्त लिहितोय.

आधी बी. धान कापणीनंतर सहा महिन्यांच्या आतलं असलं तर उत्तम, दुकानातला तांदूळ चालत नाही कारण पॉलिशमध्ये भ्रूणच निघून जातो आणि आपल्याला कॅलस हवंय ते त्याच भ्रूणाच्या स्कुटेलममधून, म्हणजे भ्रूणाला चिकटलेल्या ढालीसारख्या भागातून. तूस हाताने सोला, मशीन नको. दाण्याच्या टोकाशी तो छोटासा पांढुरका ठिपका शाबूत आहे का ते एकेक दाणा बोटात धरून बघा, ओरखडा असेल तर बाजूला काढा. वाण कोणतं हे पण महत्त्वाचं. संशोधन पेपरमधले बरेच प्रोटोकॉल निप्पोनबारे या जपानी वाणावर बसवलेले असतात आणि आपल्या भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडची धानं इंडिका या दुसऱ्या गटातली, कॅलस करताना ती तेवढी सहज ऐकत नाहीत. मी स्वतः एचएमटीवर शिकलो, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्याच शेतात निवडून काढलेलं वाण आहे ते, आपल्या भागातलं वाण प्लेटमध्ये फुगताना बघायला मला अजूनही भारी वाटतं.

मिडिया, म्हणजे कॅलसचा खुराक, एमएस घ्या नाहीतर एन-सिक्स, ही दोन तयार क्षारमिश्रणं आहेत. एमएस १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूसाठी बसवला, एन-सिक्स १९७५ च्या सुमारास चीनमध्ये धानाच्या परागकोशासाठी आला, त्यात अमोनियम कमी आहे. दोन्हीवर थोडं थोडं बी लावून बघा, तुमचं वाणच सांगेल काय आवडतं ते. एक लिटरला साखर म्हणजे सुक्रोज ३० ग्रॅम, टू-फोर-डी २ मिलिग्रॅम (आधी थोड्याशा अल्कोहोलमध्ये विरघळवून १ मिलीला १ मिलिग्रॅम असा स्टॉक करून ठेवा, रोज एवढंसं वजन करायच्या भानगडीत पडू नका), पीएच ५.८, मग अगार ८ ग्रॅम. पीएच अगार टाकायच्या आधीच बघायचा. मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणं, १२१ डिग्री, १५ पौंड, २० मिनिटं.

बी निर्जंतुक करणं: ७० टक्के अल्कोहोल एक मिनिट, मग ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) निम्मं पाणी घालून, त्यात ट्वीन-२० या साबणासारख्या द्रवाचा एक थेंब, १५ ते २० मिनिटं हलवत राहा, मग निर्जंतुक पाण्याने पाच वेळा धुवा. मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचं विष बरेच जण वापरतात, मी वापरत नाही आणि तुम्हीपण वापरू नका, ते पाणी शेवटी कुठे ओतणार? दाणे निर्जंतुक फिल्टर पेपरवर कोरडे करा आणि भ्रूणाची बाजू वर ठेवून एका प्लेटमध्ये दहा-बारा लावा, अंधारात, २५ ते २८ डिग्रीला.

आता कूलर. माझ्या पहिल्या वर्षी मे महिना, बाहेर ४५ डिग्री, आणि शेजारच्या खोलीतला कूलर दिवसभर चालू, मधलं दार उघडं, कारण आम्हाला वाटलं लॅमिनार (गाळलेली हवा सोडणारं कामाचं टेबल) चालू आहे ना मग काय होतं. तिसऱ्या दिवशी बहुतेक प्लेटमध्ये दाण्याभोवती काळी-हिरवी लव उभी राहिली. बियाण्याला दोष दिला, हायपोक्लोराइट बदललं, परत तेच. मग एकदा कूलरच्या ताट्या काढून बघितल्या, आतली बाजू बुरशीने काळी पडलेली, आणि ओलसर वाऱ्याबरोबर बुरशीचे बीजाणू सरळ आमच्या खोलीत येत होते! तेव्हापासून नियम एकच, लावणीच्या दोन तास आधी कूलर बंद, दार बंद, टेबल अल्कोहोलने पुसलेलं, एसी नसेल तर सकाळी सहाला काम सुरू करा. पावसाळ्यात तर प्लेटच्या कडा पॅराफिल्मने (ताणून गुंडाळायची मेणचट पट्टी) नीट बंद केल्याच पाहिजेत.

आठवड्याभरात दाण्यातून आधी कोंब येईल, घाबरू नका, तो कापून टाका, तीन आठवड्यांत स्कुटेलम फुगून गोळा होतो. इथे डोळा लागतो. पिवळसर, कोरडं, रव्यासारखं दाणेदार आणि चिमट्याने सहज सुटणारं कॅलस म्हणजे कामाचं. पारदर्शक, पाणचट, मऊ किंवा तपकिरी पडलेलं वेगाने वाढतं म्हणून मोह होतो, पण त्यातून रोप क्वचित येतं, ते फेका. दाणेदार तुकडे दोन आठवड्यांनी नव्या मिडियावर हलवा. प्रत्येक दाण्याला नंबर द्या आणि त्याची लाइन वेगळी ठेवा, कारण कल्चरमध्ये जनुकीय बदल होतात, सोमाक्लोनल व्हेरिएशन म्हणतात त्याला, आणि सबकल्चर जितके जास्त तितका हा धोका वाढतो व रोप यायची शक्यता घटते. मी तीनच्या पुढे जात नाही. पुढे जनुक घालायचं किंवा संपादन करायचं असेल तर संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची परवानगी आधी, कॅलस नंतर.

ज्वारी करणाऱ्यांसाठी एक वाक्य, तिथे तुकड्यांतून फिनॉल नावाची रसायनं सुटून मिडिया काळा पडतो, ती शोषणारी पीव्हीपी पावडर टाका आणि लवकर लवकर हलवत राहा.

रोप काढताना एक युक्ती इंडिकाला फार मदत करते. कॅलस सरळ पुढच्या मिडियावर न टाकता कोरड्या निर्जंतुक फिल्टर पेपरवर बंद प्लेटमध्ये एक-दोन दिवस ठेवा, थोडं सुकू द्या. मग कोंब-मुळं फुटायला लावणारी हार्मोनं घातलेला मिडिया, बीएपी २ आणि एनएए अर्धा मिलिग्रॅम प्रति लिटर, टू-फोर-डी अजिबात नाही, १६ तास उजेड. दोनेक आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात, मग सुईच्या टोकाएवढं पान. काही पांढरीफट्ट रोपं येतील, ती जगत नाहीत, मोजून वहीत लिहा आणि काढा. मुळांसाठी निम्म्या ताकदीचा एमएस, हार्मोनशिवाय.

शेवटी कुंडी. एप्रिल-मेमध्ये नागपुरात रोप बाहेर काढू नका, कोवळी पानं दुपारपर्यंत वळतात. सगळं गणित असं बसवा की रोप जुलैत तयार होईल, अगार मुळांवरून कोमट पाण्याने धुवा, बांधीतल्या चिखलात लावा, वरून पारदर्शक पिशवी, आणि आठ-दहा दिवसांत तिला रोज एक एक छिद्र पाडत जा.