बेरोजगारी भत्ता अडकला? आधी या चुका टाळा

भोसरीत कामावरून कमी केलेल्या कामगारांचे अर्ज भरून द्यायला मी बरीच वर्षं बसतोय. ईएसआय म्हणजे पगारातून वर्गणी कापून मिळणारा कामगारांचा सरकारी विमा. त्यातून नोकरी गेल्यावर भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ ला सुरू झाली. २०२० मध्ये भत्ता सरासरी रोजाच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के झाला आणि नोकरी गेल्यावर अर्जासाठी ९० दिवस थांबावं लागायचं, ते ३० वर आलं. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांचे पैसे मिळतात. एवढी मोलाची गोष्ट, आणि माणसं ती त्याच त्या चुकांपायी अडकवून बसतात.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो राजीनाम्यापायी. सुपरवायझर म्हणतो, "सही कर, हिशोब आजच देतो." कागदावर लिहिलेलं असतं, मी स्वखुशीने काम सोडत आहे. स्वतःहून काम सोडणाऱ्याला हा भत्ता नाही! एका प्रेस शॉपमध्ये चौदा जणांना एका दिवसात कमी केलं. तेरा जणांनी न वाचता सही केली. चौदावा अडून बसला, "काम नाही म्हणून कमी केलं, एवढं लिहून द्या." संध्याकाळपर्यंत गेटवर थांबला आणि कागद घेऊनच घरी गेला. त्याचे पैसे आले. बाकीच्यांच्या नावापुढे ठेकेदाराने ईएसआयची महिन्याची वर्गणी भरताना 'काम सोडले' हे कारण टाकलं होतं. तिथे कपात आणि काम नाही, ही कारणंही असतात. योग्य ते निवडायला कुणी सांगितलंच नाही. पुढे दोन महिने ठेकेदाराकडे खेटे घातले तेव्हा पाच जणांचं कारण बदलून मिळालं. उरलेले कंटाळून गावी गेले. त्यातला एक बीडचा होता, घरात दोन लहान मुली. तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून माझी सवय सांगतो. दिलेल्या कागदावर त्या दिवशी सही करायचीच नाही. स्वतःच्या हाताने अर्ज लिहायचा, अमुक तारखेपासून मला कामावरून कमी केलं आहे, तसं लेखी द्यावं. दोन प्रती काढायच्या आणि एकीवर आवक शिक्का घ्यायचा. शिक्का दिला नाही, तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपायची. हिशोबाचे पैसे चार दिवस उशिरा मिळाले तरी चालतील.

दुसरी चूक बँक खात्याची. अर्ज मंजूर झाला, पैसे नाहीत, अशी तक्रार घेऊन कुणी आला की मी आधी पासबुक मागतो. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, २०२० मध्ये सिंडिकेट, आंध्रा, अलाहाबाद अशा आणखी बँका विलीन झाल्या. पासबुक जुनंच राहिलं आणि त्यावरचा आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोडही. एकजण असंच जुनं पासबुक लावून बसला होता. पैसे येईनात म्हणून त्याने सायबर कॅफेत दुसरा अर्ज भरला, मग तिसरा, दर वेळी शंभर रुपये देऊन. एकाच माणसाचे तीन अर्ज बघितल्यावर ईएसआय शाखेतला माणूस चौकशी लावणारच. अर्ज एकदाच भरायचा आणि अडकला तर शाखा कार्यालयात जाऊन त्याच अर्जाचं काय झालं ते विचारायचं. तिथे महिन्याला सुविधा समागम भरतो, तक्रार मांडायची ती जागा. मोबाईलवर दर तासाला स्टेटस बघून काही हलत नाही. आणि पासबुक ताजं छापून, आधारवरचं आणि खात्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का हे अर्जाआधीच बघा.

नव्या ठेकेदाराला ईएसआयचा नवा इन्शुरन्स नंबर काढू देऊ नका. जुना दहा अंकी नंबरच द्या. नाहीतर दोन वर्षांची नोकरी कागदावर दोन तुकड्यांत दिसते आणि भत्त्यासाठी लागणारी दोन वर्षांच्या नोकरीची अट मोडते.

भत्ता चालू असताना काम लागलं, तर तारीख कळवा. नव्या मालकाची वर्गणी त्याच नंबरवर दिसते.

ओव्हरटाइमच्या महिन्यावरून रकमेचा हिशोब करून उधारी करू नका. मागच्या चार वर्गणी-कालावधींची (प्रत्येकी सहा महिने, म्हणजे दोन वर्षांची) एकूण कमाई भागिले ७३०, त्याच्या निम्मा रोज. सतत १८,००० पगार असलेल्याला ९० दिवसांचे सुमारे २६,६०० पडतात. खाडे असतील तर कमी.

पैसे अडकले की लोक मोबाईलवरच्या कर्जाच्या ॲपकडे वळतात. ते करू नका, हात जोडून सांगतो. किराणावाल्याशी आणि घरमालकाशी खरं बोला, महिनाभर थांबणारे असतात.

आणि ईएसआयचं कार्ड कपाटात टाकू नका. ऑक्टोबर ते मार्चमध्ये ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल, तर तिचा लाभ जुलै ते डिसेंबर चालतो. एकाची नोकरी मे महिन्यात गेली. ऑगस्टमध्ये मुलाला डेंग्यू झाला, तेव्हा नोकरीबरोबर कार्डही गेलं असं धरून त्याने खाजगी दवाखान्यात अठरा हजार भरले, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून. त्याचं कार्ड ३१ डिसेंबरपर्यंत चालू होतं.