दहातले सात बेसला: झुलू स्टाइल बिनवाद्यांचं गाणं घरी कसं बसवायचं

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांचं वाद्यांशिवायचं भक्तिगीत पहिल्यांदा ऐकलं की लक्ष जातं ते वर एकट्याने गाणाऱ्या आवाजाकडे, आणि मग चार मित्र जमवून आपणही करून बघू म्हटलं की प्रत्येकाला तोच आवाज व्हायचं असतं. आमचं अगदी हेच झालं, एका रविवारी नऊ जण जमलो, नऊच्या नऊ लीड सिंगर, तासाभरात सगळ्यांचे घसे बसले. नंतर नीट कान देऊन ऐकलं तेव्हा कळलं की लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो या ग्रुपची मांडणी साधारण अशी असते: दहा जणांत एक लीड (पुढे होऊन गाणारा), एक आल्टो (वरचा आवाज), एक टेनर (मधला) आणि उरलेले सातही जण बेस (सगळ्यात खालचा). म्हणजे जी जादू वाटते ती वरच्या आवाजाची कमी आणि खाली दबक्या आवाजात गाणाऱ्या सात जणांची जास्त. हे डोक्यात पक्कं करा आणि मगच माणसं जमवा.

आधी ऐका, पण खालून

सुरुवात सॉलोमन लिंडाच्या ‘म्बुबे’पासून करा. १९३९ साली जोहान्सबर्गमधल्या गॅलो कंपनीच्या स्टुडिओत लिंडा आणि त्याच्या इव्हनिंग बर्ड्स ग्रुपने हे रेकॉर्ड केलं, म्बुबे म्हणजे सिंह. (त्याला मिळाले दहा शिलिंग. तीच चाल पुढे दुसऱ्या नावाने जगभर गाजली, लिंडा १९६२ साली जवळपास कफल्लक गेला आणि त्याच्या मुलींना या चालीच्या हक्कावरच्या तडजोडीतून पैसे मिळाले ते थेट २००६ साली. हे माहीत झाल्यापासून ते गाणं मला पहिल्यासारखं ऐकवत नाही.) यात बेस दणकून गातात. त्यानंतर लगेच मम्बाझोचं काहीही लावा, म्हणजे फरक कळेल, तीच माणसांची भिंत पण आवाज एकदम खाली आलेला. पहिल्यांदा ऐकताना लीडकडे लक्षच द्यायचं नाही, फक्त बेस काय करतायत ते गुणगुणायचं.

या हळू प्रकाराचं नाव इसिकाथामिया, मूळ शब्दाचा अर्थ मांजरासारखं दबक्या पावलांनी चालणं. गावाकडची जमीन गेलेले, खाणीत आणि कारखान्यांत कामाला आलेले झुलू पुरुष हॉस्टेलात दाटीवाटीने राहायचे, शनिवारी रात्री गायचे, आणि गावच्यासारखे पाय आपटून नाचले तर पहारेकरी यायचे म्हणून पावलं हळू झाली असं सांगतात. सुरांची जुळणी बरीचशी मिशनऱ्यांनी शिकवलेल्या चार आवाजांच्या चर्चगीतांतून आली, १८९० च्या दशकात ऑर्फियस मॅकअडू याची अमेरिकन कृष्णवर्णीय गायकांची मंडळी दक्षिण आफ्रिकेत फिरली तिचाही हात आहे, आणि एकाने ओळ टाकायची बाकीच्यांनी उचलायची हे झुलूंचं स्वतःचं. सगळी गाणी देवाची नसतात बरं का, घरची आठवण, प्रेम, शहराचा वैताग असं सगळं असतं, पण बाज प्रार्थनेचाच राहतो.

उच्चार: इथे मराठी माणसाला फायदा आहे

रोमन लिपीत लिहिलेलं झुलू वाचताना इंग्रजीच्या सवयीने टीएच, पीएच वाचू नका. टीएच म्हणजे सरळ आपला थ, केएच म्हणजे ख आणि पीएच म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ, फॅनमधला फ नाही. सी, क्यू, एक्स ही तीन अक्षरं मात्र चटकारे आहेत. सी म्हणजे कुणाचं वाईट झाल्यावर आपण चुकचुकतो तो आवाज, क्यू म्हणजे जीभ टाळूला लावून सोडल्यावर येणारा टॉक, आणि एक्स म्हणजे घोडा हाकताना गालाच्या बाजूने काढतात तो. म्हणजे इसिकाथामियातला ‘का’ (रोमनमध्ये तिथे सी आहे) खरं तर ‘का’ नाहीच, तिथे चुकचुकायचं असतं, देवनागरीत लिहायची सोय नाही म्हणून आपण ‘का’ लिहितो.

पहिली चाल

शब्द एकच घ्या, सियाबोंगा, अर्थ ‘आम्ही आभार मानतो’. पट्टी पांढरी पाच, म्हणजे बायका साधारण जिथे गातात त्याच्या आसपास. पुरुषांना हे उंच वाटेल पण बेस मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकात गाणार आहेत त्यामुळे जमतं, आणि बायका असतील तर आल्टो त्यांना द्या. मूळ परंपरा पुरुषांची आहे, पण आपण काही स्पर्धेला उभे नाही. पेटीवर सा एकदा घ्यायचा आणि पेटी बंद. तानपुऱ्याचं ॲपही नको, दुसऱ्याच सुरावर ते खटकायला लागतं.

आता चार टप्पे, प्रत्येक टप्प्यावर एकदा सियाबोंगा:

बेस: मंद्रातले सा, म, प, प
टेनर: सा, सा, सा, मंद्र नी
लीड: ग, म, ग, रे
आल्टो: प, ध, प, प

सगळे स्वर शुद्ध. आधी फक्त बेस, पाच मिनिटं तरी, कंटाळा येईपर्यंत. मग टेनर, त्याला जवळपास काहीच करायचं नाही, एका सुरावर उभं राहून शेवटी एक पायरी उतरायचं, पण ती पायरी घसरली की सगळा डोलारा बेसूर होतो म्हणून तिथे सगळ्यात स्थिर माणूस ठेवा. मग आल्टो, शेवटी लीड. भजनात बुवा ओळ टाकतो आणि मागचे तीच ओळ त्याच सुरात उचलतात, ती सवय इथे आड येते, आपल्या कानाला शेजाऱ्याचा सूर पकडायची खोड असते. उपाय एकच, आपापल्या सुराची माणसं चिकटून उभी करा आणि स्वतःचा आवाज शेजाऱ्यापेक्षा कमी ठेवा. शेजारचा ऐकू आला नाही तर तुम्ही मोठ्याने गाताय.

हे बसलं की लीडला मोकळं सोडा. त्याने अर्धा ठोका आधी यावं, शब्द बदलावा, मध्येच बोलून टाकावं, बेस हलणार नाहीत. मम्बाझोचा ग्रुप जोसेफ शबालालाने १९६० च्या आसपास उभा केला, पण त्याला हवा तसा आवाज सापडला तो १९६४ मध्ये, तोही महिनोन्‌महिने पडत राहिलेल्या स्वप्नात, असं तो सांगायचा. मग ते स्वप्न पोरांकडून घोटून घेतलं. १९८६ मध्ये अमेरिकन गायक पॉल सायमनच्या ग्रेसलँड अल्बममुळे जगाने त्यांना ऐकलं तेव्हा या घोटण्याला वीसेक वर्षं झाली होती, त्यामुळे आपल्याला दोन रविवारांत जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नये. आणि खरं सांगू, हे गाणं इतकी वर्षं टिकण्यात त्या सात बेसचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं, ज्याला गळा नाही त्यालाही तिथे कामाची जागा मिळते.

पाय

शेवटी पावलं. अनवाणी उभे राहा, पाय गुडघ्यापर्यंत झटकन उचला आणि खाली टेकवताना आवाज होऊ द्यायचा नाही. गाताना हे करणं वाटतं त्याच्या तिप्पट अवघड आहे, श्वास कुठे घ्यायचा तेच कळत नाही, म्हणून आधी न गाता नुसतं चाला.

डर्बन-जोहान्सबर्गच्या हॉस्टेलांतल्या रात्रभराच्या स्पर्धांत जज म्हणून मुद्दाम एखादा अनोळखी गोरा माणूस रस्त्यावरून धरून आणायचे, झुलू न समजणारा, म्हणजे तो कुणाच्या बाजूचा नसणार. आमच्याकडे ते काम खालच्या मजल्यावरच्या काकू करतात, त्यांना सांगितलेलं नाही. बारा जणांनी हॉलमध्ये अर्धा तास नाचून काकू वर आल्या नाहीत तर पास. मागच्या वेळी आल्या होत्या.