जमिनीतून निघालेलं युद्धातलं हेल्मेट: घ्यायचं कसं आणि साफ करायचं कसं

हेल्मेट हातात आलं की लगेच वायर ब्रश शोधायला धावू नका, ग्राइंडरचं तर नावच काढू नका. बाहेरून नुसता गंज आणि मातीचं कवच दिसतं, पण त्या कवचाखाली कित्येकदा मूळ रंग टिकून असतो, वर चिकटवलेल्या चिन्हाचा अर्धा तुकडा असतो, आतल्या मागच्या बाजूला सैनिकाने रंगाने लिहिलेलं नाव असतं. हा थर कागदापेक्षा पातळ असतो आणि एकदा घासून गेला की गेला, म्हणून पुढची सगळी मेहनत त्याला वाचवण्यासाठी आहे, लोखंड चमकवण्यासाठी नाही.

आधी मिळवण्याबद्दल. स्वतः खणायला जाणार असाल तर कायदा बघा. फ्रान्समध्ये ऐतिहासिक वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर वापरायचा असेल तर प्रशासनाची परवानगी लागते, पोलंडमध्येही यासाठी नियम आहेत, जर्मनीत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. फ्रान्समधल्या व्हर्दनच्या रणभूमीच्या आसपास पहिल्या महायुद्धातले न फुटलेले गोळे आजही निघतात, त्यात विषारी वायूचेही असतात, त्यामुळे गोळ्यासारखं काहीही दिसलं तर हात न लावता मागे फिरायचं आणि पोलिसांना कळवायचं.

आणि हाडं दिसली तर तिथेच थांबायचं, हेल्मेटसुद्धा उचलायचं नाही. जर्मन सैनिकाच्या गळ्यातला ओळखबिल्ला मधोमध तुटेल असा बनवलेला असायचा, माणूस मेला की खालचा अर्धा भाग तोडून नोंदीसाठी पाठवायचे, म्हणजे हाडांजवळ अख्खा बिल्ला सापडला तर बहुतेक त्या माणसाच्या मृत्यूची नोंद कधी झालीच नाही, घरच्यांसाठी तो बेपत्ताच राहिला. जर्मनांसाठी फोल्क्सबुंड ही संस्था आहे, ब्रिटिश आणि कॉमनवेल्थ सैनिकांसाठी वॉर ग्रेव्ह्ज कमिशन आहे, ते ओळख पटवायचा प्रयत्न करतात. पण वस्तू जागेवरून हलवली की ती ओळख पटणं अवघड होतं. एका हेल्मेटसाठी एखाद्याचं नाव कायमचं पुसू नका, एवढं मी हात जोडून सांगतो.

बहुतेक जण विकतच घेतात, आणि तिथे फसवणूक भरपूर आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हेल्मेटची एम ३५, एम ४०, एम ४२ ही मॉडेलं ओळखायला हवेच्या भोकांकडे बघा: एम ३५ मध्ये भोकात वेगळी रिंग बसवलेली असते, एम ४० मध्ये भोकाची कड पत्र्यातच दाबून काढलेली असते, आणि एम ४२ ची खालची कड आत वळवलेली नसते, तशीच बाहेर पसरलेली असते. हंगेरीचं ३८ एम दिसायला अगदी तसंच, पण मागे एक छोटी पट्टी रिव्हेट केलेली असते, ती काढून भोकं बुजवून जर्मन म्हणून खपवतात. सोव्हिएत हेल्मेटमध्ये एसएसएच ३९ या मॉडेलला वरच्या बाजूला तीन रिव्हेट, एसएसएच ४० ला खाली सहा. गोळीचं भोक असलं की लोक जास्त पैसे देतात म्हणून जुन्या पत्र्यावर आत्ता गोळ्या मारणारे पण आहेत, त्यामुळे भोकाच्या कडेचा गंज बाकी पत्र्यासारखाच खोल आणि खडबडीत आहे का ते भिंगातून बघाच.

लोहचुंबक पण लावून बघा. ब्रिटिश ब्रोडी आणि अमेरिकन एम १ ही हेल्मेटं बहुतेक मँगनीज स्टीलची, त्यांना चुंबक जवळजवळ चिकटत नाही, जर्मन हेल्मेटला घट्ट चिकटतो.

आता सफाई. पहिल्यांदा चारी बाजूंनी फोटो काढा. मग बोटाने टिचकी मारा: खणखणीत आवाज आला तर आत लोखंड शिल्लक आहे, बद्द आवाज आला तर बहुतेक नुसता गंजच उरलाय आणि असं हेल्मेट कुठल्याही द्रावणात घालायचं नाही, त्याचे तुकडे होतील. माती ओली असेल तर सावकाश, सावलीत वाळू द्या. नंतर लाकडी काडी, जुना टूथब्रश आणि साधं पाणी. कोरडं खरवडत बसू नका कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं, मास्क आणि ग्लोव्हज घालाच. आतलं चामडं राहिलं असेल तर ते भिजवायचं नाही आणि त्याला तेलही लावायचं नाही.

मग टॉर्च तिरपा धरून आतली बाजू बघा. जर्मन हेल्मेटमध्ये आत डाव्या बाजूला कारखान्याचा कोड आणि साइज ठोकलेला असतो, जसं ईटी ६४ किंवा क्यू ६६. बाहेर डाव्या बाजूला गरुडाचं चिन्ह असू शकतं, उजवीकडे तिरंगी ढालीचं. ही ढाल भूदलाने १९४० मध्ये बंद केली, म्हणून एम ४२ वर ती दिसली तर शंका घ्या. रंगाचे पोपडे सुटत असतील तर आधी त्यांच्यावर पॅरालॉइड बी ७२ या ॲक्रिलिक रेझिनचं ॲसिटोनमधलं पातळ द्रावण ब्रशने लावून ते बसवून घ्या.

रंग असलेल्या हेल्मेटचा गंज काढायला मला ऑक्झॅलिक ॲसिड बरं वाटतं. प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट पाण्याला २०-३० ग्रॅम, मोकळ्या हवेत, ग्लोव्हज आणि चष्मा घालून, कारण हे विषारी आहे. आधी एका कोपऱ्यावर कापसाने लावून रंग उठतोय का ते बघा, मग बुडवा, आणि रात्रभर विसरून जाऊ नका, दर अर्ध्या तासाने काढून मऊ ब्रश फिरवा. पिवळट थर बसला तर तो लगेच धुवायचा. झिंक किंवा ॲल्युमिनियमची पट्टी, रिव्हेट असतील तर त्यांना ॲसिड खातं, तिथे फक्त ब्रश. रंग दिसायला लागला की थांबायचं, उरलेला गंज राहू दे. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून भरपूर धुवा.

इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे द्रावणातून वीज सोडून गंज काढणं, फक्त रंग अजिबात नसेल आणि पत्रा मजबूत असेल तरच, कारण त्यात रंग उठून येतो. धुण्याच्या सोड्याचं पाणी, हेल्मेट निगेटिव्हला, साधा लोखंडी पत्रा पॉझिटिव्हला. स्टेनलेस स्टील कधीच लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोलीत नाही आणि जवळ आग नाही.

समुद्राजवळच्या जमिनीतलं हेल्मेट असेल तर वेगळीच डोकेदुखी असते, साफ करून वाळवल्यावर काही दिवसांनी नारिंगी थेंब फुटतात. पत्र्यात मीठ मुरलेलं असतं, वरून काहीही लावलं तरी खालून गंज चालूच राहतो. रंग नसेल तर कॉस्टिक सोड्याच्या २ टक्के द्रावणात काही महिने ठेवून द्रावण बदलत राहावं लागतं, घाई करून उपयोग नाही.

वाळवताना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या म्हणजे फटीतलं पाणी निघून जातं. मग उघड्या लोखंडावर टॅनिक ॲसिडचा हात, तिथे निळसर काळा स्थिर थर तयार होतो, आणि सगळ्यावर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स (पेट्रोलियमपासून बनवलेलं मेण). बरेच जण जवस तेल लावतात, मला ते आवडत नाही, नंतर काढता येत नाही, शिवाय तेलाचे बोळे गुंडाळून टाकले तर आपोआप पेट घेऊ शकतात. नवीन रंग मारणं तर नकोच.

ठेवताना कडेवर भार येणार नाही असा मऊ आधार द्या, हवा कोरडी ठेवा, बंद कपाट असेल तर सिलिका जेल टाका, आणि कुठून मिळालं, काय काय लावलं ते एका कार्डावर लिहून सोबत ठेवा. अधूनमधून खाली नारिंगी पावडर पडलीये का बघत जा, पडली असेल तर तेवढाच भाग साफ करून परत वॅक्स लावा.