लॅपटॉपसाठी स्वस्त वायरलेस माउस निवडताना

माउस पाहण्यापूर्वी आपल्या लॅपटॉपचे पोर्ट पाहावेत. कमी किमतीचे बहुतेक वायरलेस माउस २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर चालतात आणि त्यांच्यासोबत माउसचे संकेत पकडणारा नखाएवढा डोंगल येतो, जो नेहमीच्या रुंद यूएसबी पोर्टमध्ये बसवून ठेवावा लागतो. असे दोनच पोर्ट असून ते प्रिंटर आणि पेनड्राइव्हसाठी रोज लागत असतील, किंवा मॅकबुक एअरसारखे केवळ टाइप-सी पोर्ट असतील, तर डोंगल न लागणारा ब्लूटूथ माउस घ्यावा. त्याची जोडणी सुरुवातीला एकदा करावी लागते. डोंगल मात्र लावताच चालू होतो, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांसाठी मी तोच सुचवीन.

डोंगलच्या शेजारच्या पोर्टमध्ये यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडली की पडद्यावरचा बाण अडखळू लागतो आणि दोष माउसला दिला जातो. यूएसबी ३.० मधून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, हे इंटेलने २०१२ मध्येच सविस्तर मांडले होते. अशा वेळी डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावून पाहावा.

खोक्यावर ठळक छापलेल्या डीपीआयच्या, म्हणजे माउस एक इंच सरकवल्यावर बाण किती पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) सरकतो त्याच्या, आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. १,००० डीपीआयचा माउस साधारण २ इंच सरकवला की १,९२० पिक्सेल रुंदीचा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पार होतो. पत्रे, हिशेब आणि वाचन यांसाठी याहून अधिक गरज नसते.

खरे लक्ष हाताकडे द्यावे. शक्य असल्यास दुकानात माउस खोक्याबाहेर काढायला सांगून त्यावर पूर्ण पंजा ठेवावा: मनगट वर उचलले जात असेल किंवा बोटे आखडत असतील, तर तो माउस कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, कारण दिवसाचे सहा-सात तास काम करणाऱ्याला ही अडचण लवकरच दुखण्याच्या रूपाने जाणवते. पिशवीत मावावेत म्हणून चपटे केलेले माउस मोठ्या हाताला विशेष त्रासदायक ठरतात. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचाच माउस निवडावा. चाक फिरवताना त्याचे टप्पे बोटाला स्पष्ट जाणवायला हवेत, आणि घरात कोणी झोपलेले असताना काम करावे लागत असेल, तर बटणांचा आवाज न होणारा प्रकार थोडे जास्त पैसे देऊनही घ्यावा.

सेल बदलता येणारा माउस मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण एए सेल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो, तर आतली चार्जिंगची बॅटरी थकली की बहुधा सगळा माउसच बदलावा लागतो.

घरी आणल्यावर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी तो आपल्याच टेबलावर वापरून पाहावा. साधा ऑप्टिकल माउस काचेवर नीट चालत नाही, तिथे खाली पॅड लागतो. पोटात डोंगल ठेवण्याचा खण आहे ना, हेही पाहावे, कारण स्वस्त माउसचा हरवलेला डोंगल सहसा सुटा मिळत नाही.