जुनं वेल्डिंग मशीन घरच्या लाइनवर जोडताय? या चुका टाळा

सेकंडहँड मशीन हाती आलं की मोह होतो तो आहे तोच प्लग सॉकेटात घालून रॉड टेकवून बघायचा. तसं करू नका. तो प्लग, ती केबल आणि आतले जोड आधीच्या मालकाने त्याच्या लाइनप्रमाणे करून घेतलेले असतात. भरवसा ठेवायचा तो नेमप्लेटवर आणि मल्टिमीटरवर.

सगळ्यात मोठा घोळ व्होल्टेजचा होतो. ट्रान्सफॉर्मरवाली बरीच जुनी मशीन दोन फेजवर, म्हणजे 400 ते 415 व्होल्टवर चालणारी असतात आणि घरात असते 230 ची सिंगल फेज. 415 च्या वाइंडिंगला (आतल्या तारेच्या वेटोळ्याला) 230 दिले तर मशीन गुणगुणतं, पण आउटपुट जेमतेम निम्म्यावर येतं. रिकाम्या मशीनवर, म्हणजे रॉड टेकवण्याआधी, 70 व्होल्ट मिळायला हवेत तिथे 39 च मिळतात, आर्क धरत नाही, रॉड नुसता चिकटतो. मग माणूस रॉड बदलत बसतो. उलट 230 च्या टॅपला (वाइंडिंगच्या त्या व्होल्टेजच्या जोडाला) 415 दिले तर कोअर, म्हणजे आतला लोखंडी गाभा, सॅच्युरेट होते (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही), बेसुमार करंट ओढला जातो आणि वाइंडिंग जळते. दोन्ही व्होल्टेजवर चालणाऱ्या मशीनमध्ये टर्मिनलवर पट्टी बदलायची सोय असते. ती कुठे बसवली आहे ते कव्हर उघडून डोळ्यांनी बघा. प्लेटवर फक्त 415 असेल तर सिंगल फेजसाठी ते मशीन घेऊच नका.

तारांच्या रंगावरही विसंबू नका. दोन फेजच्या मशीनमध्ये काळी तार न्यूट्रल नसून दुसरा फेज असू शकते. प्लग काढून, मशीनचा स्विच ऑन ठेवून मोजा: दोन तारांमध्ये वाइंडिंगचा थोडासा रेझिस्टन्स दिसेल, त्या दोन्ही बॉडीपासून पूर्ण तुटक असल्या पाहिजेत आणि अर्थची तार बॉडीशी जवळजवळ शून्य ओहम दाखवली पाहिजे. इथे हमखास एक गोष्ट सापडते. मशीनला कधीतरी नवा रंग मारलेला असतो आणि अर्थचा लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) त्या रंगावरच आवळलेला असतो. दिसायला घट्ट, पण धातूला लागतच नाही. बोल्टखालची जागा चकचकीत होईपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला आणि पुन्हा मोजा.

अर्थिंग क्लॅम्प आणि मशीनची अर्थिंग एकच, हा समज तर जिवावर बेतणारा आहे. क्लॅम्प हा वेल्डिंगच्या करंटचा परतीचा रस्ता. बॉडीची अर्थ तुम्हाला शॉकपासून वाचवते. क्लॅम्प कामापासून लांब, गंजक्या जागी लावला तर शंभर अँपिअर दुसरी वाट शोधतात आणि शेजारच्या ड्रिल मशीनची अर्थची तारही जाळू शकतात. न्यूट्रल बॉडीला जोडून अर्थचं काम भागवायचा प्रकार तर कधीच नको.

आता वायर आणि एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. बऱ्याच प्लेटवर दोन आकडे असतात: कमाल करंट आणि प्रभावी करंट. 25 टक्के ड्यूटी सायकलवर, म्हणजे दहा मिनिटांत अडीच मिनिटं वेल्डिंग, 32 अँपिअर ओढणाऱ्या मशीनचा प्रभावी करंट 16 (32 × √0.25) येतो. वायरचं तापणं या दुसऱ्या आकड्यावर ठरतं, व्होल्टेज पडणं पहिल्यावर. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या 30 मीटर एक्स्टेंशनवर 25 अँपिअरला सुमारे 18 व्होल्ट वाटेतच जातात. एक्स्टेंशन शक्यतो टाळाच. वापरलंच तर जाड आणि पूर्ण उलगडून. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि इन्सुलेशन वितळतं.

स्विच टाकताक्षणी एमसीबी पडत असेल तर बहुधा ट्रान्सफॉर्मरचा सुरुवातीचा झटका असतो; बी टाइपऐवजी त्याच अँपिअरचा, पण असा झटका जास्त सहन करणारा सी किंवा डी टाइप लागेल. तोही चालेल का, ते लाइन तपासून इलेक्ट्रिशियन ठरवेल. अँपिअर वाढवू नका, कारण एमसीबी वायरला वाचवायला असतो. चार-पाच रॉडनंतर पडत असेल तर खरोखरच लोड जास्त होतोय. आणि आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, पडत असेल तर करंट कुठेतरी जमिनीत गळतोय. त्याला बायपास करू नका. बरेच दिवस पडून राहिलेल्या मशीनमध्ये ओल धरलेली असते. ते कोरडं करून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासा, एक मेगाओहमच्या खाली आलं तर लाइनला लावू नका. इन्व्हर्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मशीनला मात्र मेगर लावू नका, सर्किट जातं; शिवाय प्लग काढल्यावरही त्याचे कपॅसिटर चार्ज राहतात, म्हणून कव्हर लगेच उघडू नका.

बोर्डापासून वेगळी लाइन ओढण्याचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनलाच द्या आणि मीटरचा मंजूर लोड पुरतो का तेही त्याच्याकडून बघून घ्या. पहिल्या दोन-तीन रॉडनंतर मशीन बंद करून प्लगला बाहेरून हात लावून बघा. चटका बसण्याइतका गरम असेल तर आतला एखादा जोड सैल आहे. तो आवळल्याशिवाय पुढचा रॉड लावू नका.