जोता झाला की काम थांबवा

घराचा जोता, म्हणजे पायावरचा चौथरा, बांधून झाला की गवंड्याला दोन दिवस हात थांबवायला सांगा आणि आधी जोता तपासून घ्या. पाया एका बाजूला फूटभर सरकला तर सामासिक अंतर, म्हणजे घर आणि भूखंडाची हद्द यांमधली मोकळी जागा, बिघडतं. ही चूक जोत्यापाशी सुधारता येते, स्लॅब पडल्यावर मात्र तोडफोडीशिवाय मार्ग उरत नाही. म्हणून मंजूर नकाशाची प्रत साइटवर ठेवा आणि आर्किटेक्टला स्वतः येऊन टेप लावायला सांगा. ठेकेदाराच्या 'बरोबर आहे हो' वर विसंबू नका.

मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांत 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या घरासाठी प्रक्रिया बरीच सोपी केली आहे: परवानाधारक तज्ज्ञामार्फत नकाशे आणि शुल्क भरलं की त्याची पोचच परवानगी मानली जाते. पण सोपी म्हणजे माफ नव्हे. ती पोच जपून ठेवा.

प्रारंभ प्रमाणपत्राची, म्हणजे बांधकाम सुरू करायच्या परवानगीची, मुदत एक वर्ष असते. पैशांअभावी तोवर काम सुरूच झालं नसेल तर मुदत संपण्याआधीच नूतनीकरणाचा अर्ज द्या. नुसता रंग, गिलावा किंवा फरशी बदलायची असेल तर सहसा परवानगी लागत नाही. भार पेलणारी भिंत पाडायची किंवा खोली वाढवायची असेल तर लागतेच.

वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. नवीन मीटरच्या अर्जाला त्याचा चाचणी अहवाल जोडावा लागतो.