ट्रॅकसाठी बांधलेली गाडी: इंदूरात राहून तिची किंमत वसूल होते का?

हौसेला मोल नसते, पण ब्रेक पॅडला असते. रस्त्यावरची वेगवान गाडी आणि ट्रॅकसाठी बांधलेली गाडी यांच्या किमतीत जो फरक पडतो, तो बहुतेक अशा भागांचा असतो जे ट्रॅकवरच कामाला येतात: मोठ्या डिस्क, जादा रेडिएटर, हवा दाबून धरणारा मागचा पंख, रेसिंगच्या जवळ जाणारे मऊ टायर, हलक्या कार्बनच्या सीट. हे भाग इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर झोपलेले असतात. म्हणून सुरुवात गाडीपासून नको, कॅलेंडरपासून करा. येत्या वर्षात आपण खरोखर किती दिवस ट्रॅकवर असू?

इंदूरकरांची इथेच गफलत होते. पिथमपूरचा नॅट्रॅक्स तासाभरावर आहे, मग ट्रॅक घरचाच, असे वाटते. २०२१ साली सुरू झालेला तिथला हाय-स्पीड ट्रॅक ११.३ किलोमीटरचा, चार पदरी आणि अंडाकृती आहे. वळणे इतकी कलती बांधलेली आहेत की ताशी २५० किलोमीटरला स्टिअरिंगवर बाजूचा ओढा जवळजवळ राहत नाही. मुळात ती वाहन कंपन्यांची चाचणीची जागा आहे. खाजगी गाडी आत जाते ती ठरवून घेतलेल्या कार्यक्रमातून, वाटेल त्या रविवारी नाही. शिवाय तिथे कस लागतो तो कमाल वेगाचा. ट्रॅकच्या गाडीचे पैसे ज्यासाठी मोजले, ते कडक ब्रेक आणि वळणातली पकड, त्या अंडाकृतीवर लागतच नाहीत. उलट मोठा पंख सरळ रेषेत हवेचा अडथळा वाढवतो आणि कमाल वेग खातो. नॅट्रॅक्समध्ये वेगळा, वळणांचा हँडलिंग ट्रॅकही आहे. कार्यक्रमाचे पैसे भरण्याआधी दोन्हींपैकी कुठला मिळणार ते लेखी विचारा.

खरी सर्किट लांब आहेत. ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचे, इंदूरहून रस्त्याने सुमारे आठशे किलोमीटरवर. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचे ३.७१७ किलोमीटरचे. कोइम्बतूर त्याहून लांब. म्हणजे एका ट्रॅक डेला (फी भरून स्वतःची गाडी सर्किटवर पळवायच्या दिवसाला) किमान चार दिवस मोडतात, आणि गाडी एकतर फ्लॅटबेडवर जाते किंवा महागडे टायर हायवेवर झिजवत जाते. नोकरी-धंदा सांभाळून वर्षाला तीन दिवस जमले तरी पुष्कळ. खालच्या हिशेबात स्वतःचा आकडा घाला, मित्रांसमोर सांगायचा नाही.

आता हिशेब. पूर्ण किमतीकडे बघू नका, साध्या भावंडापेक्षा जास्त किती मोजतोय ते बघा. बीएमडब्ल्यूचे उदाहरण सोयीचे आहे. २०२४ साली भारतात एम४ कॉम्पिटिशन १.५३ कोटींना आली आणि तिचीच ट्रॅककडे झुकलेली आवृत्ती एम४ सीएस १.८९ कोटींना, दोन्ही एक्स-शोरूम. फरक ३६ लाखांचा. त्यात ५३० ऐवजी ५५० अश्वशक्ती, थोडे कमी वजन, वेगळे सस्पेन्शन सेटिंग आणि कार्बनच्या सीट. शून्य ते शंभरला फरक सेकंदाच्या दहाव्या भागाचा.

रोड टॅक्स १४ टक्के धरला तर ३६ लाखांचे ४१ होतात. पाच वर्षांनी विकताना जादा मोजलेल्या ३६ पैकी निम्मे, म्हणजे १८ लाख परत आले असे माना. २३ लाख गेले. वर्षाला तीन दिवस, पाच वर्षांत पंधरा: दर दिवशी सुमारे दीड लाख रुपये, आणि हे फक्त त्या 'सीएस' अक्षरांचे. पेट्रोल, टायर, फी वेगळी. हाच माणूस वर्षाला दहा दिवस ट्रॅकवर गेला तर आकडा ४६ हजारांवर येतो. विम्याचा वाढीव हप्ता आणि अडकलेल्या पैशाचे व्याज यात धरलेले नाही, ते आपापल्या दराने जोडा. आमचे मत स्पष्ट आहे: वर्षाला सहा दिवसांच्या खाली असाल तर साधी आवृत्ती घ्या आणि उरलेल्या पैशातून ट्रॅकची फी व शिकवणी भरा. चांगल्या कोचसोबतचे दोन दिवस जितके सेकंद काढतात तितके वीस अश्वशक्ती काढत नाहीत.

ट्रॅकवरच्या एका दिवसाचा खर्च असा धरा. बुद्ध सर्किटवर दिवसभरात पंचवीस फेऱ्या झाल्या तर साधारण १२८ किलोमीटर होतात. पूर्ण जोरात अशी गाडी लिटरला दोन-तीन किलोमीटर देते, म्हणजे पन्नासेक लिटर पेट्रोल. कंपनीने मॅन्युअलमध्ये किती ऑक्टेन आणि किती इथेनॉल चालते म्हटले आहे ते आधी वाचा. कमी ऑक्टेनवर इंजिन स्वतःच इग्निशन मागे घेते, म्हणजे ठिणगी उशिरा टाकते, आणि पैसे देऊन घेतलेली ताकद तिथेच गळते.

टायर हा मोठा खड्डा. मिशलिनच्या रस्त्यावरच्या पायलट स्पोर्ट ४एसचा ट्रेडवेअर (झिजेला तग धरण्याचा) आकडा ३००, ट्रॅककडे झुकलेल्या कप २ चा १८०. आकडा लहान तितके रबर मऊ. पकड जास्त, आयुष्य कमी. जड गाडीवर कप २ चा सेट चार ते सहा ट्रॅक डे गृहीत धरा, आणि पोर्शच्या ९११ जीटी३ सारख्या गाडीला पुढे २५५/३५ ची २० इंची व मागे ३१५/३० ची २१ इंची असे दोन वेगळे माप लागते, त्यामुळे पुढचे-मागचे टायर आलटून-पालटून वापरण्याचा मार्गच बंद. पावसाळ्यात कप २ ची खाच उथळ पडते, साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगते. जुलैत छावणीतून घरी यायचे असेल तर रिम्सचा दुसरा सेट हवा. तोही किमतीत धरा.

ब्रेकचे गणित वजनावर चालते, आणि इथेच खऱ्या ट्रॅक-गाडीचा पैसा वसूल होतो. १,७०० किलोची गाडी ताशी २०० वरून ८० वर आणली की सुमारे २२ लाख ज्यूल उष्णता डिस्कमध्ये जाते. शहरात ६० वरून थांबताना लागते त्याच्या नऊपट. तेच दर फेरीत पाच-सहा वेळा, मध्ये थंड व्हायला पुरता वेळ नाही. १,४३५ किलोच्या जीटी३ ला तेवढ्याच ब्रेकिंगला साडेअठरा लाख पुरतात, आणि तिच्या पुढच्या लोखंडी डिस्क ४०८ मिलिमीटरच्या आहेत. हलकी गाडी टायर, पॅड, पेट्रोल सगळ्यावर वाचवते. म्हणून ब्रोशरमध्ये अश्वशक्तीच्या आधी वजनाचा रकाना बघा. अश्वशक्ती वाढली आणि वजन तेच राहिले, तर ती गाडी मुख्यतः सरळ रस्त्याची आहे.

कार्बन-सिरॅमिक डिस्क घ्याव्यात का? ट्रॅकवर वारंवार जाणाऱ्याने बहुधा नाही. वजन कमी होते, रिम काळे पडत नाहीत, पण खडीत गेलेली गाडी दगड अडकवून डिस्कला टवका पाडू शकते आणि बदलीचा खर्च लोखंडीच्या कितीतरी पट. लोखंडी डिस्क झिजते, तडकते, बदलून टाकता येते. विचित्र वाटेल, पण सिरॅमिक शोभतात त्या ट्रॅकवर कमी जाणाऱ्याच्या गाडीला.

शोरूममधल्या चाचणीत ब्रेक किती वेळ टिकतात ते कळत नाही, कुणी तसे दाखवलेच तर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या गोष्टी मात्र तपासता येतात. स्वतःचे हेल्मेट घेऊन जा, सीट सर्वात खाली करा, डोक्यावर दोन बोटे जागा उरते का बघा. उंच माणसाला सनरूफवाली गाडी इथेच बाद होते. कार्बनच्या बकेट सीटमध्ये दहा वेळा चढा-उतरा. घरच्या वडीलधाऱ्यांना बसवून बघा, कारण ती गाडी लग्नाकार्यालाही जाणारच.

मग टेप काढा. पुढच्या चाकाच्या पुढच्या बाजूला टायर जमिनीला टेकतो तिथपासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंतचे आडवे अंतर घ्या आणि त्या कडेची जमिनीपासून उंची. समजा उंची ११ सेंटिमीटर आणि अंतर ७५. ११ भागिले ७५ म्हणजे ०.१४७. तुमच्या इमारतीच्या बेसमेंटचा उतार सात फुटांना एक फूट असेल तर तो ०.१४३. जेमतेम निघेल, आणि दोन माणसे बसली की घासेल. नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. पळशीकर कॉलनी किंवा सुदामानगरच्या आतल्या गल्ल्यांत रहिवाशांनी स्वतः उठवलेले कसे असतात ते वेगळे सांगायला नको. पुढचा अ‍ॅक्सल उचलणारी हायड्रॉलिक सोय पर्यायात असेल तर इंदूरात तो पर्याय मानू नका, अत्यावश्यक समजा.

साध्या आवृत्तीवर भागवायचे ठरले तर तयारी थोडकी आहे, पण चुकवू नका. पहिले काम ब्रेक फ्लुइड, म्हणजे ब्रेकच्या पाइपमधला द्रव. साधा डॉट ४ दर्जाचा फ्लुइड ताजा असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतो, पण तो हवेतली ओल शोषतो आणि ओला झाल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. उकळला की पाइपमध्ये वाफ होते, आणि पेडल मऊ होऊन तळाला जाते. ३०० अंशांच्या वर उकळणारा फ्लुइड भरा आणि हंगामात एकदा तरी बदला. दुसरे, ट्रॅकचे पॅड. रस्त्याच्या पॅडचे पदार्थ तापून पकड सोडतात. मग पेडल कडक लागते पण गाडी थांबत नाही, हा फरक ओळखता आला पाहिजे. तिसरे, थंड टायरमध्ये हवा कमी ठेवा. गरम झाल्यावर ४ ते ६ पीएसआय चढते, म्हणून प्रत्येक सत्रानंतर लगेच मोजा आणि गरम आकडा जुळवा. चौथे, चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने: फोक्सवॅगनच्या बहुतेक गाड्यांना १२०, बीएमडब्ल्यूला १४० न्यूटन मीटर. जीटी३ च्या एकाच मोठ्या मधल्या नटाला ६०० लागतात, त्यासाठी लांब दांड्याचा रेंच आणि पेडल दाबून धरायला दुसरा माणूस हवा. सत्र संपताना एक फेरी ब्रेक न वापरता सावकाश फिरवा आणि उभी करताना हँडब्रेक लावू नका. गियरमध्ये ठेवून चाकाखाली गुटका लावा.

इतके केले की फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय (२०२५ साली ५३ लाखांना आली, २६५ पीएस) किंवा जुनी ऑक्टेविया आरएस २४५ शिकणाऱ्याला पुष्कळ आहे. कोपऱ्यात चूक झाली तर ती स्वस्तात शिकवते.

कागदाची बाजू. सर्वसाधारण मोटार विम्यात 'वापराच्या मर्यादा' म्हणून एक परिच्छेद असतो: आयोजित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल यांना संरक्षण नाही. एजंट तोंडी काहीही म्हणो, पॉलिसीत छापलेले तेच खरे. ट्रॅकवर भिंतीला लागलेली गाडी स्वतःच्या खिशातून सरळ करायची, असे मानूनच किंमत ठरवा. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच गोळा करायचा कर) कापला जातो, तो प्राप्तिकरात वळता करून घ्या, खर्चात धरू नका.

आणि मेळा. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात आणि उज्जैनच्या विक्रमोत्सव व्यापार मेळ्यात राज्य सरकार सवलत जाहीर करते तेव्हा वाहनकर निम्मा होतो. १.८९ कोटींवर १४ टक्के म्हणजे साडेसव्वीस लाख. निम्मे वाचले तर सव्वातेरा. अट अशी की गाडी मेळ्यातल्या स्टॉलवरून विकली गेली पाहिजे आणि नोंदणी तिथल्याच आरटीओत, म्हणजे पाटीवर एमपी ०९ ऐवजी ०७ किंवा १३ येईल. एमपी ०९ चा अभिमान असेल तर तो सव्वातेरा लाखांचा आहे. त्या वर्षीची अधिसूचना वाचून मगच बुकिंगची तारीख ठरवा.

जुनी ट्रॅक-गाडी घेत असाल तर चार गोष्टी मागा. पोर्शमध्ये अधिकृत वर्कशॉपमधून इंजिनाच्या ओव्हर-रेव्हची, म्हणजे ते मर्यादेपलीकडे फिरल्याची, नोंद काढता येते. वरच्या टप्प्यांत अलीकडच्या तासांची नोंद असेल तर चुकीच्या गियरमध्ये टाकलेली गाडी आहे. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. चार वर्षांवरचे मऊ टायर खाच शिल्लक असली तरी कडक झालेले असतात, नव्या सेटची किंमत वजा करा. लोखंडी डिस्कच्या भोकांमधून निघालेल्या तडा टॉर्च लावून बघा. भोक ते भोक जोडलेली तड दिसली तर डिस्क बाद. सिरॅमिक डिस्क असेल तर जाडी मोजून भागत नाही. ती वजनाने झिजते, किमान वजन तिच्याच मधल्या भागावर कोरलेले असते. डिस्क उतरवून काट्यावर ठेवायला विकणारा तयार नसेल, तर त्या चार डिस्कची पूर्ण किंमत कापूनच बोली लावा.